सहावी पाटी

“पोकळ किती धरलंत?” तिनं विचारलं, आणि मी नेहमीसारखा खेकसलो, “धरलंय सगळं. गवंडी मी हाय का तू?”

आमच्या विहिरीची खालची पायरी पोखरली होती. पाणी भरताना तिचा पाय दोनदा घसरला, म्हणून मी ती पायरी नव्यानं भरायला घेतली होती. ऊन उतरलं होतं. ती काठावर बसून सुपात कुळीथ निवडत होती. मी म्हटलं, पाच पाट्या काँक्रीट लागेल. ती सुपातून मान वर न काढता म्हणाली, “सहा.”

मी पाचचंच कालवलं. पाच पाट्या ओतल्या, धुमसानं चोपल्या, आणि कोपरा पाटीभर रिकामा राहिला. ती हसली नाही. कुळथातले खडे तिनं एका हातात गोळा केले होते, ते त्या रिकाम्या कोपऱ्यात टाकले आणि म्हणाली, “घ्या, तेवढाच हातभार. आता ऱ्हाऊ दे. सहावी उद्या सकाळी घाला.”

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. पहाटे छातीत कळ आली म्हणाली. मी पाण्याचा तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

मी मराठी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. हातात लेखणीपेक्षा थापी जास्त धरली. तरी हे लिहायला बसलो, कारण मला राग आला आहे. तुम्ही बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यानं जाता-येता. वळणावर दरड धरणारी जांभ्याची भिंत आहे, ती तुम्ही पाहिली असेल. भिंतीत काळा दगड बसवलाय आणि त्यावर ज्याच्या देखरेखीखाली काम झालं त्या ओव्हरसियरचं नाव कोरलंय. बाजाराला जाणारी शाळेतली पोरं ते नाव मोठ्यानं वाचतात. ती भिंत त्याच्या अकलेवर उभी नाही. कुणाच्या अकलेवर उभी आहे ते मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याला एक दगड पुरे.

तिचंही लिहीत नाही. चाळीस वर्षं मी तिला ‘अगो’ म्हणालो आणि ती मला ‘अवो’. आता कागदावर नाव घेऊन हाक मारली तर तिलाच ओळखू यायचं नाही.

पण तुम्ही तिला पाहिलेलं आहे. डोकीवर पाटी, पाटीखाली जुन्या लुगड्याची चुंबळ, आणि दोन्ही हात मोकळे. पाटीला हात लावायची नाही. चढावर चालताना वाटेतल्या माणसाशी हातवारे करून भांडायची, आणि पाटीतली रेती कणभर सांडायची नाही. एकदा कुणीतरी म्हणालं, “बाय, पाटी पडंल.” तर म्हणाली, “पाटी पडत नाय. मान पडते.”

तिचं माहेर राजापूरच्या वरच्या अंगाला. बाप दुसऱ्याच्या नारळी-पोफळीच्या बागेत राखणीला. लहानपणापासून नारळ, सुपाऱ्या आणि भात मोजण्यात तिचा हात घडला. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. मोजायची ती विसांत. एक वीस, दोन विसा, तीन विसा. माझ्याकडे आली तेव्हा मी नवीन गवंडी होतो आणि मला वाटायचं, आपल्याला फार कळतं. पहिल्याच कामावर मी चुना कमी कालवला. ती तेव्हा नवी नवरी. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, त्याच्या आतून म्हणाली, “नारळाच्या ढिगावर सुपाऱ्या ओतल्या तर ढीग वाढतो काय वो?”

मी म्हटलं, “नाय वाढत. सुपाऱ्या मधल्या भोकांत जातात.”

“आन् सुपाऱ्यांवर भात ओतला तर?”

“तोपण आत जातो.”

“मग खडी हा नारळ, रेती ही सुपारी, चुना हा भात. तीन ढीग मोजून बेरीज काय करताव? पोकळ किती ते आधी धरा.”

तिथून ‘पोकळ किती?’ हे तिचं पालुपद झालं. काँक्रीटलाच नाही, सगळ्याला. शेजारच्या लग्नात जेवणाचा अंदाज करायला तिला बोलवायचे. घरचे यजमान सांगायचे, तीनशे पान. ती विचारायची, “पोकळ किती?” म्हणजे बोलावलेले पण न येणारे किती, आणि न बोलावता येणारे किती. मग बोटं मोडत बसायची आणि सांगायची एवढे तांदूळ काढा. वाढपी शेवटच्या पंगतीला हंडा खरवडायला लागला असं कधी झालं नाही.

दुसरं एक पालुपद होतं. सगळं भरून झालं की पाटीच्या तळाशी ओंजळभर काँक्रीट उरलंच पाहिजे, असा तिचा नियम. उरलं नाही तर तिला चैन पडायचं नाही. ती म्हणायची, “बरोब्बर पुरलं म्हणजे कुठंतरी मारलं.” पुरवायच्या नादात माणूस हात आखडतो, कोपरा नीट चोपत नाही, आत पोकळ ठेवतो, असं तिचं म्हणणं. उरलेली ओंजळ ती पदराआड धरून घरी आणायची आणि चुलीमागचं उंदराचं भोक बुजवायची. आमच्या घरातल्या उंदरांनी सरकारी काँक्रीट जितकं पाहिलं तितकं कुणी पाहिलं नसेल.

आता भिंतीचं सांगतो.

बंदराचा रस्ता वळतो तिथं वर लाल दरड आणि खाली आमची वाडी. आठ घरं. पाच आमची, तीन मुसलमानांची. रस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा कातळ तोडला, माती सुटली, आणि सगळा रस्ता आमच्या कौलांवर डोकावायला लागला. म्हणून भिंत. भिंत नीट झाली नाही तर पावसाळ्यात रस्ता आमच्या चुलीत, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्या कामावर मी गवंडी, ती पाटीवाली, आणि वाडीतल्या दहाबारा बायका तिच्या हाताखाली.

ओव्हरसियर घाटावरचा. डोक्याला टोपी, हातात वेताची काठी, काखेत जाड पुस्तक. माणूस वाईट होता असं मी आधी म्हणालो नसतो. पुस्तकातलं सोडून त्याला काही दिसायचं नाही, एवढंच. पायाचा चर खणून झाला. त्यानं फीत लावली, कागदावर आकडे मांडले आणि जाहीर केलं की चर सातशे पाट्यांचा आहे. एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग खडी. सातशेला सातानं भागा. शंभर पाट्या सिमेंट, दोनशे रेती, चारशे खडी. झाले सातशे.

सिमेंट तेव्हा आमच्याकडे नवं. आम्ही शिमिट म्हणायचो. ते मुंबईहून बोटीनं यायचं. खडी-रेती इथलीच, ती कधीही आणता यायची. पण शिमिट कमी पडलं तर संपलं. पावसाच्या तोंडावर शेवटची बोट लागते आणि मग बंदर बंद. नारळी पुनवेपर्यंत काही येत नाही, काही जात नाही. म्हणून अंदाज एकदाच करायचा आणि तो बरोबर करायचा.

ती पाटी खाली ठेवून पुढे झाली. “रावसायेब, ह्यात पोकळ किती धरलंत?”

तो माझ्याकडे बघून हसला. “काय म्हणते ही?”

मी म्हटलं, “काय नाय साहेब.”

ती म्हणाली, “काय नाय कसं? थांबा.”

तिनं बायकांना हाक मारली. चार पाट्या खडी ओतायला लावली, दोन पाट्या रेती, आणि नमुन्याला आलेल्या पोत्यातलं एक पाटी शिमिट. ती एक पाटी शिमिट बघून ओव्हरसियर ओरडला, पण तोवर पाणी पडलं होतं. फावड्यानं कालवलं. मग तेच काँक्रीट पुन्हा पाट्यांत भरलं, दर पाटी मुठीनं चोपून. एक, दोन, तीन, चार. पाचवी अर्धी.

तिनं ती अर्धी पाटी उचलून त्याच्या पायाशी ठेवली. “सात घातल्या, साडेचार निघाल्या. तुमचा सातशेचा चर साडेचारशावर थांबणार. अडीचशे पाट्या पोकळ. आनि ह्या कातळाला बिळं आहेत, ती गिळतील ती येगळी. कागद बदला, बोट अजून लागायची हाय.”

मला आजही ती पाटी दिसते. अर्धी भरलेली. आंधळ्यालासुद्धा हात घालून कळलं असतं. आणि तो काय म्हणाला? “हे खडी फोडणाऱ्या बायकांचं गणित आहे. पुस्तकात असं नाही.” अरे, पुस्तकात नसेल, समोर आहे ना! पण त्याला ते बघायचं नव्हतं. चार मजुरांदेखत एका पाटीवालीनं दाखवलेली चूक कबूल करायची म्हणजे टोपी काढून पाटी डोक्यावर घेण्यासारखं. तो माझ्याकडे वळला. “मिस्त्री, बायकोला आवरा.”

मी आवरलं. सगळ्यांदेखत तिला म्हटलं, “गप. कामाला लाग.”

तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि कामाला लागली.

कागद जसाच्या तसा मुंबईला गेला. शेवटच्या बोटीनं शिमिट आलं ते कागदाइतकंच. आम्ही चर भरायला घेतला. ती रोज संध्याकाळी सुंभाच्या दोरीला गाठी मारत होती. किती पाट्या पडल्या त्याच्या विसा. साडेबावीस गाठी झाल्या, म्हणजे तिनं सांगितलेल्या बरोबर साडेचारशे पाट्या, आणि त्या दिवशी दुपारी शिमिटाचं शेवटचं पोतं झटकलं. चराचा तिसरा हिस्सा उघडा. तोही नेमका आमच्या घरांच्या डोक्यावरचा.

ओव्हरसियर आला. उघडा चर बघून त्याचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. वर कळवलं तर वर विचारणार, अंदाज कुणी केला. म्हणून त्यानं काय ठरवलं ते ऐका. म्हणाला, “उरलेल्या चरात लाल माती आणि जांभ्याची कपरी घाला, चोपा, आणि वरून वीतभर चुन्याचा थर द्या. भिंत चढली की पाया कोण बघतो? मी चार दिवस राजापूरला जातोय. येईन तेव्हा चर भरलेला पाहिजे.”

हे बोलताना त्याला खालची कौलं दिसत होती. धूर निघत होता चुलींचा.

तिच्या डोक्यावर तेव्हा पाटी होती. तिनं पाटी उतरवली, जमिनीवर उपडी घातली आणि तिच्यावर बसली. “ह्या मातीखाली माजं घर हाय. माती मी व्हायची नाय.”

तिच्यामागे दुसरीनं पाटी उपडी घातली. मग तिसरीनं. दहाबारा बायका पाट्या उपड्या घालून रांगेत बसल्या, सुक्या मासळीच्या बाजाराला बसाव्या तशा. ओव्हरसियर म्हणाला, “उद्यापासून ही कामावर नको.” ती म्हणाली, “उद्या कशाला, आतापासून नाय.” आणि उठून चालू लागली.

मी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला चिरा बसवत होतो. ओळंबा लावला, थापी मारली, पुढचा चिरा उचलला. तिच्यामागे गेलो नाही. लोक सांगतात, पोटासाठी गप्प बसावं लागतं. पोटाचं मला सांगू नका. दोन महिने भागेल एवढं भात घरात होतं. मी गप्प बसलो कारण मिस्त्री म्हणवून घ्यायची चटक लागली होती.

ती तिथून थेट खाली नाखव्याच्या घरी गेली. नाखवा म्हणजे आमच्या वाडीतला मुसलमान शेजारी, स्वतःचा मचवा बाळगून होता. पावसाळ्यानंतर नवं घर बांधायचं म्हणून त्यानं खाडीवरच्या भट्टीतून शिंपल्यांचा चुना भाजून आणून पडवीत रचून ठेवला होता. आणि बंदरावर त्याच्या मचव्यातून उतरलेल्या मंगळुरी कौलांच्या फुटक्या तुकड्यांचा ढीग पडला होता. ही दारात उभी राहून म्हणाली, “भावजी, तुमचा चुना द्या आनि फुटकी कवलं द्या. कवलं कुटून सुरखी करू. चुना नि सुरखी मिळून पाण्यातपण धरतं. तुमच्या आज्याची मशीद त्याच्यावरच उभी हाय.”

नाखवा दाढी खाजवत बसला. त्याची बायको आतून म्हणाली, “आनि आपलं घर?”

नाखवा म्हणाला, “घर पुढल्या साली. ही दरड खाली आली तर चुना लावायचा कुणाला?”

त्या चार दिवसांत आमच्या वाडीत जेवण धड शिजलं नाही. आठ घरांतल्या उखळांत भाताऐवजी कौलं कुटली जात होती. बायकांचे केस, पापण्या, हात सगळं तांबडं. खडी फोडायला म्हातारेसुद्धा बसले. ती स्वतः चरात उतरली. एक हात लांबीचा तुकडा फळीनं अडवून भरून, चोपून बघितला, पाट्या मोजल्या, दोरी लावली, कातळाच्या बिळांत पाणी ओतून ते किती पितंय ते बघितलं. मग वर येऊन म्हणाली, “सगळं मिळून वीस विसा.” म्हणजे चुना, सुरखी, खडी धरून कोरड्या मालाच्या चारशे पाट्या, पोकळ आणि बिळं धरून.

मी कुठे होतो? तिसऱ्या दिवशी मीही उतरलो. एवढं तरी लिहितो. चोपण्याचं काम मी केलं. तिनं मला काही बोलून दाखवलं नाही. फक्त मी धुमस ठेवला की पायानं तिथली जागा दाबून बघायची आणि म्हणायची, “अजून.”

चौथ्या दिवशी दुपारी चर भरला. शेवटच्या पाटीत ओंजळभर उरलं. ती ओंजळ तिनं त्या दिवशी घरी आणली नाही, नाखव्याच्या बायकोला नेऊन दिली. “घ्या वहिनी, तुमच्या चुन्यातलं एवढंच परत.”

ओव्हरसियर राजापूरहून आला. काठीच्या टोकानं त्यानं भरलेला चर खरवडला. माती निघाली नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, खाली वाडीकडे पाहिलं, तांबड्या पापण्यांच्या बायका पाहिल्या. त्याला सगळं कळलं. आभाराचा शब्द नको होता, पण ‘हे कुणी केलं’ एवढं तरी माणूस विचारतो. त्यानं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

भिंत चढली. तो पावसाळा असा झाला की मचवे ओढून ठेवलेले तिथून तरंगले. भिंतीतून झिरपायला ठेवलेल्या भोकांतून तांबडं पाणी वाहत होतं आणि भिंत जागची हलली नाही. आमच्या आठ घरांतलं एक कौल सरकलं नाही.

नारळी पुनव झाली, बंदर उघडलं आणि मोठा साहेब भिंत बघायला आला. वाडीतले सगळे वर रस्त्यावर जमलो. ओव्हरसियरनं कागद पुढे केला. मोठ्या साहेबानं वाचला आणि खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. कागदावर जेवढं सिमेंट मागितलं होतं, बरोबर तेवढंच लागलं होतं! एक पोतं जास्त नाही, एक पोतं कमी नाही. साहेब म्हणाला, इतका अचूक अंदाज आपण पाहिला नाही.

ती माझ्या शेजारी उभी होती. मोठ्यानं म्हणाली, “बरोब्बर पुरलं म्हणजे कुठंतरी मारलं.”

साहेबाला मराठी थोडं येत होतं. त्यानं वळून विचारलं, “ती बाई काय बोलली?”

ओव्हरसियर माझ्याकडे बघत होता. वाडी माझ्याकडे बघत होती. नाखवा माझ्याकडे बघत होता. तिनं मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीकडे बघत होती. मी फक्त खरं सांगायचं होतं. चार वाक्यं. अंदाज चुकला, हिनं सांगितलं होतं, शेजाऱ्यानं आपल्या घराचा चुना दिला, हिनं माप काढलं. चार वाक्यं मला येत नव्हती असं नाही.

मी म्हटलं, “साहेब, तिला समजत नाय.”

साहेब मान डोलवून पुढे गेला. काळा दगड त्यानंतर महिन्याभरानं बसला. बसवला मीच.

घरी ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तिनं मला भात वाढायला सुरुवात केली ती वेगळ्या तऱ्हेनं. शीत न् शीत मोकळं करून, हलक्या हातानं, ताटात डोंगर उभा राहायचा. मला वाटलं, राग गेला. चार घास खाल्ले की डोंगर संपायचा. मी म्हटलं, “भात कमी हाय.” ती म्हणाली, “ताट तर भरलंय. पोकळ किती ते तुमी मोजा.” आठ दिवस मी अर्धपोटी कामावर गेलो. नवव्या दिवशी तिनं भात वाटीत दाबून मूद पाडली आणि ताटात ठेवली. विषय संपला. तिच्या बाजूनं संपला.

माझ्या बाजूनं सुरूच होता. सरकारी कामावर ती पुन्हा कधी गेली नाही. पण गावात माझं नाव झालं. लोक दारात येऊन विचारायचे, “मिस्त्री, एवढ्या पायाला किती लागंल?” मी म्हणायचो, “बसा, पाणी पिऊन येतो.” आत जायचो. ती चुलीशी असायची. लांबी-रुंदी सांगायचो. ती भाकरी थापता थापता बोटं मोडायची आणि आकडा सांगायची. मी बाहेर येऊन मिशीवरनं हात फिरवून तोच आकडा सांगायचो. लोक म्हणायचे, मिस्त्रीचा अंदाज म्हणजे दगडावरची रेघ. ती आत ऐकत असायची. कधी बाहेर येऊन म्हणाली नाही की हा माझा आकडा आहे. मग मी त्या ओव्हरसियरला शिव्या कुठल्या तोंडानं देतो? त्यानं एकदा चोरलं. मी जन्मभर.

आणि गंमत बघा. ज्या दिवशी लोक नसायचे, घरचंच काम असायचं, त्या दिवशी मी तिचं ऐकायचो नाही. तिनं सहा म्हटलं की मी पाच म्हणायचो. बाहेर तिच्या जिवावर मोठा, म्हणून घरात तिच्यापेक्षा मोठा व्हायची हौस. दर वेळी एक पाटी कमी पडायची. दर वेळी ती म्हणायची, ऱ्हाऊ दे, उद्या घाला.

तिला नेलं त्या दिवशी वाडीतली सगळी माणसं होती. नाखवा आता म्हातारा झालाय, तोही काठी टेकत स्मशानाच्या वाटेपर्यंत आला. मुलगा मुंबईत गिरणीत आहे, त्याला तार केली. पण बोट लागायला दोन दिवस होते. पुतण्यानं अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि परसात गेलो. चुना होता, सुरखी होती, खडी होती. कालवायला घेतलं. पुतण्या धावत आला. “काका, सुतक हाय. काय करताव? लोक काय म्हनतील?”

मी म्हटलं, “लोकांकडं बघून भिंतीपाशी एकदा गप्प बसलो, तेवढं पुरे. बाजूला हो.”

पाटी भरली. मी गवंडी माणूस, जन्मात पाटी डोक्यावर घेतली नव्हती. गवंड्याला पाटी दुसरं कुणीतरी आणून देतं. तिची चुंबळ खुंटीला होती. ती घेतली, डोक्यावर ठेवली. पुतण्यानं उचलू लागायला हात पुढे केला. त्याला नको म्हटलं. गुडघ्यावर घेतली, मग खांद्यावर, मग डोक्यावर. दोन्ही हातांनी धरूनसुद्धा मान हलत होती. शेजारणी दारांत येऊन उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही. नाखव्याची सून तोंडाला पदर लावून आत गेली.

विहिरीच्या पायऱ्या उतरलो. तिनं टाकलेले खडे कोपऱ्यात तसेच होते. ते काढले नाहीत. त्यांच्यावरच पाटी ओतली. चोपली. पायानं दाबून बघितलं. अजून चोपली. पायरी काठोकाठ भरली, आणि पाटीच्या तळाशी ओंजळभर उरलं.

ते हातात घेऊन घरात आलो. चूल थंड होती. चुलीमागे उंदरानं नवीन भोक पाडलं होतं. खाली बसलो आणि ते बुजवलं.